कोवळे कोंब, निबर दांडे



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. जिनिंग-प्रेसिंगमधल्या, बांधकामावरच्या आणि रोजगार हमीवरच्या मजुरांत मी सुमारे तीस वर्षे वावरलो आहे. मी ‘भाजी कोवळी कशी ठेवावी’ हा विषय सांगितला, तेव्हा त्यांतील एका गृहस्थांना ती थट्टा वाटली. थट्टा करण्याचा माझा हेतू नव्हता. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात आणि मजुरांच्या ओसरीवर झाले. आज जे सांगणार आहे त्यातले काही पुस्तकांतले आहे, काही मेळघाटातल्या एका म्हातारीचे आहे आणि बरेचसे माझ्या पत्नीच्या चुलीपुढे शिकलेले आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धारणी तालुक्यात धूळघाटाजवळच्या एका कोरकू गावी हजेरीपटाच्या तंट्यासाठी मी गेलो होतो. मजुरी थकली होती आणि माणसे चिडलेली होती. मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. ज्या घरी मी उतरलो, तेथल्या आजीने भाकरीबरोबर एक भाजी वाढली. हिरवीगार, किंचित कडवट, दाताखाली अलगद तुटणारी. विचारले तेव्हा कळले की, ते शतावरीचे कोंब. शतावरीच्या मुळ्या औषधी असतात एवढे मला ठाऊक होते. तिचे कोंब माणसे खातात हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच्या नातवाने मला चांगली मोठी जुडी तोडून दिली. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड गच्च बांधले. दिवसभर सभा झाली. मग खंडव्याहून अकोल्याला येणारी मीटरगेज गाडी, जी आता राहिलेली नाही, तिच्यातून उशिरा घरी पोचलो. पिशवी रात्रभर तशीच राहिली. सकाळी उघडली तेव्हा आतून ऊब आली. कोणाच्या तरी अंगातून यावी तशी. पत्नीने भाजी चिरली, फोडणीस टाकली आणि पाऊण तास शिजविली. ताटात बसलो तर दोरेच दोरे. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “भाजी आनली का सुतळी?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. एकच वेल, एकच हंगाम. एका घरी लोणी आणि दुसऱ्या घरी सुतळी, असे का व्हावे?

प्रथम या वेलीची ओळख करून घेऊ. शतावरी ही काटेरी, वर चढणारी वेल आहे. जमिनीखाली तिला लांबट, रसाळ मुळ्यांचा झुबका असतो. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी मुळ्यांत अन्न साठलेले असते. पहिला पाऊस पडला की त्या साठ्याच्या जोरावर नवे कोंब वर येतात. युरोपात जी अ‍ॅस्परॅगस नावाची महागडी भाजी खातात, जी आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतही दिसते, ती याच वेलीची सख्खी बहीण. तिचे कोंब आपल्यापेक्षा जाड, सरळ आणि बिनकाट्याचे. रोमन लोकांना ती फार आवडे. एखादे काम झटपट उरकायचे असले की, अ‍ॅस्परॅगस शिजायला लागतो त्याहून कमी वेळात करा, अशा अर्थाचे सम्राट ऑगस्टसचे बोलणे असे, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदविले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना माहीत होते की, हा कोंब थोडक्या वेळात शिजतो. माझ्या घरी तो पाऊण तास शिजत होता, यातच चूक कोठे झाली त्याचा पत्ता आहे.

कोणत्याही भाजीला ताठपणा देणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन असतात. पहिली म्हणजे पाणी. पेशींत पाणी भरलेले असते तोवर भाजी टवटवीत; ते उडाले की ती मरगळते. दुसरी म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारी खळ, जिला पेक्टिन म्हणतात. पेरूची जेली घट्ट होते ती हिच्यामुळेच. ही खळ उकळत्या पाण्यात सुटते, आणि आपण ‘भाजी शिजली’ म्हणतो तेव्हा मुख्यतः हेच घडलेले असते. तिसरी म्हणजे लिग्निन. लाकडाला लाकूडपण देणारे द्रव्य. ते पाण्यात सुटत नाही. चुलीवर नाही आणि प्रेशर कुकरमध्येही नाही. बाभळीची खुंटी दिवसभर उकळली तरी तिची खीर होत नाही, त्यातलाच हा प्रकार. ज्या कोंबात लिग्निन भरले तो निबर झाला. त्याला किती शिजवावे हा प्रश्नच मग उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. कोंब तोडला म्हणून तो मरत नाही. तो श्वास घेत राहतो आणि वाढण्याची खटपट करीत राहतो. जमिनीत असताना मुळ्या त्याला अन्न पुरवीत. तुटल्यावर तो आपल्याच अंगातली साखर जाळू लागतो. म्हणून गोडी कमी होते, आणि म्हणूनच माझ्या पिशवीतून ऊब आली. तुटलेल्या टोकापासून वरच्या दिशेने त्याचे दोरे लाकडासारखे होत जातात. सर्व भाज्यांत ज्यांचा श्वास सर्वांत वेगवान चालतो, त्यांत या कोंबाची गणना होते. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की ही घडामोड दुपटीने ते तिपटीने वेग घेते. पाच अंशांच्या थंडाव्यात जे आठ तासांत होईल, ते पस्तीस अंशांत एका तासात किंवा त्याहूनही लवकर होते. आपल्या वऱ्हाडातल्या जून महिन्याच्या उकाड्यात बंद पिशवीत चोवीस तासांहून अधिक काळ ठेवलेल्या कोंबांचे काय झाले असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

तात्पर्य, भाजीचा कोवळेपणा चुलीवर तयार होत नाही. तो शेतात किंवा रानात तयार होतो, वाटेत खर्च होतो, आणि उरलेला तेवढा चुलीवर राखता येतो किंवा घालवता येतो. तेव्हा आता तीन टप्प्यांनी जाऊ.

पहिला टप्पा तोडण्याचा आणि निवडण्याचा. पुढच्या वर्षी मी त्या गावी पुन्हा गेलो आणि आजीला माझी फजिती सांगितली. ती हसली, एक कोंब घेतला, दोन्ही हातांनी धरून वाकविला आणि म्हणाली, “वाकवून पाय, भाऊ. कटकन तुटलं त थे तुह्यं. लवून रायलं त थे बकरीचं.” सगळ्या पुस्तकांचे सार या तीन वाक्यांत आहे. शेंड्याकडून बुडाकडे जात वाकवून पाहावे. जेथे कोंब कडकन मोडतो तेथपर्यंत तो कोवळा. जेथे नुसता वाकतो तेथून दोरे सुरू झाले. पाने फुटून पसरू लागलेला कोंब घेऊच नये. शेंडा मिटलेला असावा. जाड कोंबाची खालची साल सोलली तर आतला गाभा पुष्कळदा कोवळा निघतो. पातळ कोंबाला हा उपाय चालत नाही. राहिलेले निबर दांडे फेकू नयेत. ते ठेचून पाण्यात उकळावेत, पाणी गाळून वरणात घालावे आणि चोथा टाकून द्यावा.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. रानातला कोंब ओळखीच्या माणसाशिवाय तोडू नये. त्याच पावसात, त्याच झुडपांत कळलावीही उगवते. ती जीवघेणी विषारी आहे, आणि शिजविल्याने ते विष जाते असे समजू नये. तसेच बांबूचे कोंब, ज्यांना आपण वास्ते म्हणतो, ते शतावरीसारखे झटपट शिजवून खाऊ नयेत. त्यांत विषारी अंश असतो. ते चिरून चांगले उकळावे लागतात आणि ते पाणी टाकून द्यावे लागते.

दुसरा टप्पा राखण्याचा. आणल्याबरोबर बुडाचा पातळ काप काढून कोंब फुलांसारखे पेल्यातल्या पाण्यात उभे ठेवावेत किंवा ओल्या फडक्यात सैल गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवावेत. फ्रिज असेल तर उत्तमच. पिशवीचे तोंड बांधू नये. मरगळलेली भाजी तासभर पाण्यात ठेवली की पुन्हा टवटवीत दिसते, पण त्यावर भुलू नये. पाण्याने मरगळ जाते. निबरपणा जात नाही.

तिसरा टप्पा चुलीचा, आणि येथे आपण सारेच सर्वांत अधिक चुका करतो. भाजी थंड पाण्यात घालून ते हळूहळू तापविणे ही पहिली चूक. पाणी पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान रेंगाळते, तेव्हा अनेक भाज्यांतली ती खळ सैल होण्याऐवजी पाण्यातल्या चुन्याशी जखडून अधिक घट्ट होते. म्हणून गंजात भरपूर पाणी घ्यावे, त्याला खळखळून उकळी आणावी, मीठ घालावे आणि मगच भाजी टाकावी. पाणी भरपूर असले म्हणजे भाजी टाकल्यावर उकळी मोडत नाही. मीठ चवीसाठी तर आहेच, पण ते खळ सुटायलाही मदत करते. उलट पाणी जड असेल तर ती सुटायला वेळ लागतो. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या आयाबहिणींनी डाळ शिजायला गोडे पाणी दुरून का आणावे, हे त्यांना पुस्तकाने शिकवावे लागलेले नाही.

दुसरी चूक झाकणाची. भाजी तापली की तिच्यातली आम्ले सुटतात. झाकण असले की ती वाफेबरोबर जाण्याऐवजी पुन्हा भांड्यात उतरतात. आम्ल आणि उष्णता मिळून हरितद्रव्यातले मॅग्नेशियम बाहेर काढतात, आणि हिरवी भाजी शेवाळी पडते. पाच-सात मिनिटांपलीकडे हा बदल डोळ्यांना दिसू लागतो. म्हणून झाकण नको आणि वेळही थोडा. चिंच, टोमॅटो, लिंबू हे सर्व भाजी मऊ झाल्यावर घालावे, कारण आंबटपणा रंग घालवतो आणि खळही सुटू देत नाही. गवार आणि बरबटीच्या शेंगा टोमॅटोत टाकून तास तास शिजत नाहीत, त्याचे कारण हेच.

तिसरी चूक सोड्याची. खाण्याच्या सोड्याने भाजी हिरवीगार राहते खरी. पण तिचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वे नासतात. हॉटेलवाल्याला रंग विकायचा असतो. आपल्याला पोरांना खाऊ घालायचे असते.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. कोंब धुऊन बोटाच्या पेराएवढे चिरावेत. बुडाचे तुकडे वेगळे आणि शेंडे वेगळे. उकळत्या मिठाच्या पाण्यात आधी बुडाचे तुकडे टाकावेत, दोन मिनिटांनी शेंडे टाकावेत, आणि आणखी दोन मिनिटांनी झाऱ्याने सर्व काढून परातीत पसरावेत. ढीग करू नये, कारण ढिगातल्या उष्णतेने भाजी शिजतच राहते. सुरीचे टोक सहज शिरले आणि तुकडा किंचित लवला की झाले असे समजावे. हे पाणी कडू लागले तर टाकून द्यावे. कढईत शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालावी, कांदा परतावा, भिजवून अर्धवट वाफविलेली मुगाची डाळ घालावी. डाळ शिजली की शेवटी कोंब टाकून दोन वेळा परतावे, वर सांभार पेरावा आणि कढई खाली उतरावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी. पाहुणे उशिरा येणार असतील तर डाळ करून ठेवावी, पण कोंब ते आल्यावरच टाकावेत.

एवढे सांगितले की माझे व्याख्यान पुरे व्हायला हरकत नव्हती. पण मी ज्या माणसांत राहतो त्यांची आठवण मला गप्प बसू देत नाही.

अकोल्याचा जनता भाजी बाजार घ्या किंवा अमरावतीचा इतवारा घ्या. सकाळी भाजी येते तेव्हा ती कोवळी असते आणि महाग असते. सकाळी बाजारात जायला ज्याला सवड आहे तो ती घेतो. जिनिंगमध्ये दिवसभर कापसाचा कचरा वेचणारी बाई सुटते ती संध्याकाळी. तोवर तीच भाजी दहा-बारा तास उन्हात श्वास घेऊन बसलेली असते. भाव उतरलेला असतो, आणि कोवळेपणाही उतरलेला असतो. घरी गेल्यावर नवरा म्हणतो, “तुला भाजी करता येत नाही.” बंधूंनो, तिला येते. तिच्या वाट्याला आलेल्या वेळेत ती भाजी जेवढी चांगली व्हावी तेवढी ती करते. तिने मोडून, वाकवून निवडले आणि उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवले तर फरक पडेल. म्हणूनच मी हे सारे सांगितले. पण सगळा फरक तिच्या हातात नाही. बाजारात पाण्याची सोय, डोक्यावर सावली आणि सुटीची वेळ यांतही भाजीची चव ठरते.

असेच तोडणाऱ्यांचे. जर्मनीत अ‍ॅस्परॅगसचा हंगाम म्हणजे सणच असतो. पण जमिनीत वाकून एकेक कोंब कापणारे हात बहुतेक रुमानिया-पोलंडकडून आलेले असतात. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत जगातली विमाने थांबली होती, तेव्हाही या मजुरांना विमानांनी जर्मनीत आणले गेले; कारण कोंब थांबत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बॉन शहराजवळच्या बॉर्नहाइम येथे अशा मजुरांनी मजुरीसाठी काम बंद ठेवले. कोवळेपणा ज्याच्या घाईवर उभा आहे, त्याच्या मजुरीची घाई मात्र कोणाला नसते, हे मी धूळघाटाजवळही पाहिले होते.

त्याच जर्मनीकडून एक शहाणपण मात्र घेण्यासारखे आहे. तेथे परंपरेने २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, कोंब कापणे थांबवितात. कोंब तेव्हाही येत असतात, पण ते वाढू देतात. त्यांना पालवी फुटते, ती पालवी उन्हात अन्न तयार करते, ते मुळ्यांत साठते, आणि पुढच्या वसंतातले कोंब त्यावर येतात. नव्या लागवडीला पहिले एक-दोन हंगाम हातही लावीत नाहीत. अशा रीतीने एकच लागवड दहा-पंधरा वर्षे उत्पन्न देते. सगळे कोंब कापले तर मुळीचे भांडवल संपते.

आमच्या आजीला जर्मनीची तारीख ठाऊक नव्हती. पण तिचा नातू एका वेलीचे सर्व कोंब तोडू लागला तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती, “सारे कोंब नेले त वेल जगन कायच्यावर?” आज शतावरीच्या मुळ्यांना औषधांच्या बाजारात मोठी मागणी आहे. मुळ्यांसाठी अख्खा झुबका खणला गेला की त्या वेलीचे कोंब कायमचे संपतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर, ज्यात वनौषधी, मुळे आणि कंद येतात, तेथल्या लोकांची मालकी मान्य केली. त्याचबरोबर रान राखण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे दिली. हा हक्क कागदावरून टेकडीवर पोचला, तर खणायचे किती आणि ठेवायचे किती, हे ठरविणारी माणसे तीच असतील, ज्यांच्या पोटाचा प्रश्न पुढच्या पावसाशी बांधलेला आहे.

श्रोतेहो, महिना-दीड महिन्यात मृग लागेल. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. तेथे या भाज्या ओळखणाऱ्या बाया भेटतात, त्यांच्याकडून शिकून घ्यावे. कोठे शतावरीचे कोंब मिळाले तर भाव करताना विकणारीला एवढे विचारा, कधी तोडले आणि किती चालून आलीस? तिचे उत्तर ऐकून मग पैसे द्या. घरी गेल्यावर पिशवी तशीच ठेवू नका, त्याच संध्याकाळी चूल पेटवा.

आमच्या घरी ही भाजी आता दरवर्षी एकदा होते. पत्नी कोंब वाकवून पाहते, कटकन आवाज आला की माझ्याकडे बघते, आणि सुतळीचे नाव काढीत नाही.